खिजगणती

‘‘ह्यात मी कुठं हाव?’’

माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत काकांनी विचारलं, तेव्हा मला आधी हसू आलं होतं. स्क्रीनवर माझ्या मामांच्या गुऱ्हाळाचं चुलाण होतं. खरं चुलाण आमच्या पाठीमागे पेटलेलं होतं. स्क्रीनवरचं मी पुण्याला हॉस्टेलच्या खोलीत तीन महिने खपून तयार केलं होतं. तोंडाशी लाल, मध्ये नारिंगी आणि धुराड्याकडे निळसर होत जाणारे गरम वायू. त्यांच्या वर एक जाड आडवी रेघ, म्हणजे काहिलीचा तळ. काका गेली वीसेक वर्षं या चुलाणाला जाळ घालतात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. गुऱ्हाळावर सगळे त्यांना काकाच म्हणतात.

मी स्क्रीनच्या डाव्या कडेला असलेल्या एका छोट्या बाणावर बोट ठेवलं. ‘‘हे बघा काका, इथून चिपाड आत जातं. हे तुम्ही.’’

बाणाशेजारी एक आकडा होता. सेकंदाला इतके किलो. काहील चढल्यापासून उतरेपर्यंत तोच.

काकांनी मान डोलावली आणि ते चुलाणाच्या तोंडाशी परत गेले. जाळ बसायला लागला होता.

या गोष्टीला आता दोन हंगाम झाले. तो बाण मात्र डोक्यातून गेलेला नाही. एखादी गोष्ट समजून घ्यायची तर तिच्यातलं काहीतरी सोडून द्यावंच लागतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पण काय सोडायचं हे कुणी ठरवायचं, आणि चुकलं तर भरायचं कुणी, हे कुठल्याच विषयाच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

*

आधी काहिलीत काय घडतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

उसाच्या रसात पाच भागांतले साधारण चार भाग पाणी असतं. म्हणजे एक किलो गूळ हवा असेल तर पाचेक किलो रस घ्यायचा आणि त्यातलं चार किलो पाणी उडवायचं. पाणी नुसतं तापवणं स्वस्त असतं, उडवणं महाग. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला लागते २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळपास आठपट. गुऱ्हाळ म्हणजे मुळात पाणी उडवण्याचा कारखाना. गूळ हा मागे उरलेला भाग.

ही उष्णता येते कुठून? ज्या उसाचा रस काढला, त्याच्याच वाळलेल्या चिपाडातून. चुलाणात ते जळतं, आठशे-नऊशे अंशांचे वायू तयार होतात आणि ते काहिलीच्या तळाला घासत धुराड्याकडे पळतात. खाली नऊशे अंशांचा वायू, वर शंभर अंशांना उकळणारा रस, मध्ये तीन-चार मिलिमीटरचा पत्रा. आता सांगा, पत्रा किती तापला असेल? मी हा प्रश्न मित्रांना विचारतो तेव्हा बहुतेकजण सरासरी काढतात आणि पाचशे म्हणतात.

खरं उत्तर एकशे दहाच्या आसपास आहे. शाळेत कागदाच्या पेल्यात पाणी उकळून दाखवायचे, तो प्रयोग आठवतो? खाली मेणबत्तीची ज्योत आणि कागद जळत नाही. कागद पेटायला दोनशेच्या वर अंश लागतात, आणि आतलं पाणी त्याला तिथवर जाऊच देत नाही. काहिलीचंही तेच. वायू उष्णता देताना फार कंजूष असतो. उकळतं पाणी ती उचलायला फार उतावीळ असतं, कारण प्रत्येक बुडबुडा तळावरून सुटताना उष्णता घेऊन वर जातो आणि त्याच्या जागी नवं पाणी येतं. वायूकडून रसाकडे जाताना उष्णतेच्या वाटेत जो एकूण अडथळा असतो, त्याचे शंभर भाग केले तर माझ्या हिशोबात जवळजवळ नव्व्याण्णव भाग वायूच्या बाजूला येत होते. रसाच्या बाजूला एक. पत्र्याच्या वाट्याला तर चिमूटभर.

शंभरात एक. अशा वेळी पुस्तक सांगतं : हा अडथळा नगण्य माना. पत्र्याचं तापमान सरळ उकळत्या रसाएवढं धरा आणि सगळी ताकद वायूचा प्रवाह सोडवण्यात लावा. मी तसंच केलं. काहिलीतला रस माझ्या मॉडेलमध्ये नव्हताच, त्याच्या जागी एक तापमान होतं. चुलाणाच्या विटा किती उष्णता धरून ठेवतात, तेही सोडलं. सगळं स्थिरावल्यानंतरचंच चित्र मला हवं होतं. आणि काकांच्या जागी तो एक आकडा टाकला.

तीन गोष्टी सोडल्या. तिन्हींपुढे मी रिपोर्टात एकच शब्द लिहिला होता : नगण्य.

*

इथे लगेच ‘बघा, कॉम्प्युटरवाल्यांना काय कळतंय’ असं म्हणायचा मोह होईल. मलाही काही दिवस झाला होता. पण ते खरं नाही.

काही सोडल्याशिवाय काहीच समजत नाही. गुऱ्हाळावर उभं राहिलं की धूर, वाफ, घाम, मळीचा वास, घरघरणारा चरक, काकवीसाठी डबे घेऊन आलेली पोरं, सगळं एकदम अंगावर येतं. त्यात उष्णता कुठे वाया जाते हे डोळ्यांना दिसत नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी चार काहिलींच्या एका भट्टीचा असा हिशोब मांडला आणि तो २०१० साली प्रसिद्ध केला. चिपाड जाळून जेवढी उष्णता मिळते तिच्यातली फक्त २९ टक्केच गूळ करायला लागते, असं त्यांना आढळलं. उरलेलीतला मोठा भाग धुराड्यातून आणि भिंतींतून निघून जातो. मग त्यांनी धुरातला ऑक्सिजन मोजला आणि त्याच्या अंदाजाने चिपाड घालण्याची पद्धत बदलली. एकदम भारा कोंबला की हवा पुरत नाही आणि अर्धवट जळलेला काळा धूर निघतो. मग बराच वेळ काहीच घातलं नाही की जास्तीची गार हवा आत शिरते आणि वायू थंड करते. थोडं थोडं, मोजून घातलं की दोन्ही टळतं. एक किलो गुळामागे २.३९ किलो चिपाड लागत होतं, ते १.७३ किलोवर आलं. चौथ्या हिश्श्याहून जास्त बचत, आणि तीही नवं यंत्र न आणता.

लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत काहिलीच्या तळाला खालून, म्हणजे वायूच्या बाजूने, धातूच्या पट्ट्या जोडून पाहिल्या गेल्या. इंधनात तीस टक्क्यांच्या आसपास बचत झाली. पट्ट्या खालून का? कारण अडथळ्याचे नव्व्याण्णव भाग खालीच आहेत. रसाच्या बाजूने कितीही काही केलं तरी त्या एका भागातलंच थोडं कमी होणार. म्हणजे ‘रसाची बाजू नगण्य’ हे वाक्य खोटं नव्हतं. त्याच वाक्यामुळे पट्ट्या कुठे लावायच्या हे कळलं.

आणि सोडून देणं हे काही फक्त लॅपटॉपवाल्यांचं काम नाही. मामांकडचे गुळव्ये, म्हणजे गूळ झाला की नाही हे ठरवणारे जाणते, पाक उचलून थंड पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळवून बघतात आणि ‘उतरवा’ म्हणतात. ढेपेच्या गुळाला पाक ११६ ते ११८ अंशांच्या घरात न्यावा लागतो, काकवीला १०५ च्या आसपास थांबावं लागतं. हे अंश त्यांनी कधी मोजले नाहीत. शेकडो किलो पाकाचं भवितव्य ते बोराएवढ्या एका गोळीवर ठरवतात. तेसुद्धा मॉडेलच झालं. बाकी सगळं सोडून एका गोळीवर विश्वास.

मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक कुठे पडला?

*

त्या हंगामात मी दिवाळीनंतर बिलोलीला आलो तो मोठ्या उत्साहात. मांजरेच्या काठी मामांचं गुऱ्हाळ, एकच काहील, दिवसाला तीन-चार घाण निघायचे. मामा म्हणाले, ‘‘तू एवढा शिकलास, बघ बरं आमचं चिपाड कसं वाचतंय ते.’’ मी स्क्रीनवरचे रंग दाखवले, थोडं थोडं जाळ घालण्याचं गणित सांगितलं. मामांनी काकांना बोलावून सांगितलं, ‘‘उद्यापासून हा म्हणंल तसं घाला.’’

पहिले दोन घाण छान उतरले. धूर कमी झाला, चिपाडाचा ढीग खरंच कमी खाली गेला. मामा खूश. मी त्यांच्याहून खूश.

काका जाळ घालतात ती जागा जमिनीच्या खाली, खड्ड्यात असते. तिथून काहील दिसत नाही, फक्त चुलाणाचं तोंड दिसतं. शेवटच्या टप्प्यात काका आपोआप हात आखडता घेत होते, हे मी दोन्ही घाणांत पाहिलं. गुळव्यांनी आवाज देण्याआधी आठ-दहा मिनिटं ते चिपाड घालणं बंदच करत. माझ्या मॉडेलच्या हिशोबात ही ढिलाई होती. वायू थंड होतो, शेवटचं पाणी उडायला उगाच वेळ लागतो. तिसऱ्या घाणाला मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि म्हणालो, ‘‘काका, शेवटपर्यंत एकसारखं घाला. गुळव्ये म्हणतील तेव्हाच थांबवा.’’

काका म्हणाले, ‘‘रसाचा आवाज जड होऊलालाय.’’

मी म्हणालो, ‘‘होऊ द्या. घाला तुम्ही.’’

त्यांनी घातलं.

गुळव्यांनी हाक दिली तेव्हा काकांनी हात थांबवला. पण विटा थांबल्या नाहीत. निखारे थांबले नाहीत. वर पाक फुगून काठाला आला आणि बघता बघता त्याचा रंग बदलला. चौघांनी धावत काहील उतरवली, वाफ्यात ओतली, पण तळाचा करपट वास सगळीकडे पसरला होता. त्या घाणाच्या ढेपा काळपट पडल्या. चव कडवट.

काय झालं होतं, ते आज मी कागदावर दोन ओळींत मांडू शकतो. पातळ रस उकळतो तेव्हा बुडबुडे झटपट सुटतात. पाक घट्ट झाला की बुडबुडा चिकटून बसतो, ढवळणं मंदावतं आणि रसाची उष्णता उचलायची ताकद घसरते. ती सोळापटीने घसरली असं धरा. मग ज्या बाजूला शंभरातला एक भाग अडथळा होता, तिथे चौदा भाग होतात. ऐकायला फार वाटत नाही. पण खाली वायू नऊशे अंशांवर असेल, तर तेवढ्याने पत्रा सव्वादोनशे अंशांच्या घरात जातो. साखर त्याच्या कितीतरी आधी जळायला लागते. कागदाच्या पेल्यातलं पाणी संपत आलं होतं, आणि मी ज्योत तशीच ठेवायला सांगत होतो.

अडीच तासांतले सव्वादोन तास माझं मॉडेल बरोबर होतं. ‘नगण्य’ हा शब्द तेवढा वेळ खरा होता. शेवटच्या पंधरा मिनिटांत तो खोटा झाला, आणि गूळ बनतो तो त्या पंधरा मिनिटांतच.

काकांना हे समीकरण माहीत नव्हतं. त्यांना आवाज माहीत होता. खड्ड्यात बसून, काहील न बघता, ते वरच्या रसाचा आवाज ऐकत होते आणि विटांमध्ये किती आग साठली आहे याचा अंदाज धरून आधीच हात आखडत होते. मी ज्या तीन गोष्टी सोडल्या होत्या, रसाची बाजू, विटांची आग आणि माणूस, त्यांतल्या पहिल्या दोन गोष्टी तिसरा सांभाळत होता. मी त्याला बाण केला आणि त्या बाणाला एक आकडा दिला.

*

इथपर्यंतची चूक तांत्रिक आहे. अशा चुका सगळ्यांकडून होतात. पुढचं तांत्रिक नाही.

मामा धावत आले. करपलेला वास, काळ्या ढेपा. ते थेट खड्ड्याकडे गेले आणि काकांवर ओरडले. वीस वर्षं झाली तरी अक्कल आली नाही, जाळ कधी थांबवायचा कळत नाही का, वगैरे. लोकांसमोर. त्या दिवसाची मजुरी मिळणार नाही, असंही म्हणाले.

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. फक्त एकदाच, आणि तेही रागाने नाही. मी बोलेन असं त्यांना वाटलं असावं, एवढंच.

मी बोललो नाही.

का नाही बोललो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. लाज, भीती, हे आहेच. पण त्या क्षणी डोक्यात खरोखर जे चाललं होतं ते जास्त वाईट होतं. मी विचार करत होतो, ‘मॉडेल तर बरोबर होतं. मग काकांकडून काहीतरी जास्त पडलं असेल.’ माझ्या चित्रात काका एक बाण होते. चित्र बिघडलं तर दोष द्यायला तीच एक जागा मोकळी होती. बाकी सगळं मी स्वतः बांधलं होतं.

दोन दिवसांनी मी पुण्याला परतलो.

*

‘नगण्य’ म्हणजे गणण्याच्या लायकीचं नसलेलं. आपल्या बोलीत यासाठी आणखी धारदार शब्द आहे. अमका माणूस कुणाच्या खिजगणतीतही नाही, असं आपण म्हणतो. पहिला शब्द अभ्यासाचा, दुसरा अपमानाचा. मला ते दोन वेगळ्या गावचे वाटायचे. त्या दिवशी कळलं की एकाकडून दुसऱ्याकडे जायला फार वेळ लागत नाही. सकाळी मी सोयीसाठी काकांना हिशोबातून वगळलं. संध्याकाळी ते माझ्या खिजगणतीतही नव्हते.

यावर माझा एक मित्र म्हणाला, ‘‘उगाच भावनिक होतोस. मॉडेल अपुरं होतं, ते पूर्ण कर. प्रश्न संपला.’’

ते मी केलं. रसाच्या बाजूचा अडथळा घट्टपणाबरोबर वाढता ठेवला. विटांना वजन दिलं. आता माझं सिम्युलेशन शेवटच्या पंधरा मिनिटांत पत्रा लाल करून दाखवतं आणि जाळ कधी थांबवावा हेही सांगतं. ते उत्तर काकांच्या आठ-दहा मिनिटांच्या फार जवळ येतं. मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे : चांगलं मॉडेल वाईट मॉडेलपेक्षा नक्कीच बरं, आणि अपुऱ्या ज्ञानाला उपाय जास्त ज्ञान हाच आहे.

पण कुठे अपुरं आहे हे मला कळलं कसं? एक घाण करपला म्हणून. उकळण्याच्या शास्त्रातही असं घडलेलं आहे. जपानच्या शिरो नुकियामांनी पाण्यात बुडवलेल्या तारेत वीज वाढवत नेली आणि उकळण्याचा आलेख मांडला, तो १९३४ साली. एका मर्यादेपलीकडे तारेभोवती वाफेचा पडदा धरतो, पाणी तारेला शिवत नाही आणि तारेचं तापमान एकदम उसळतं. नायक्रोमच्या तारा तिथे वितळून गेल्या, तेव्हा अशी मर्यादा आहे हे दिसलं. काहील त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, तिची अडचण घट्ट पाकाची आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच की मॉडेलची हद्द बहुतेक वेळा काहीतरी जळाल्यावर दिसते. नुकियामांच्या प्रयोगशाळेत तार जळाली. इथे मामांचा गूळ जळाला आणि काकांची मजुरी गेली. माझं काहीच जळलं नाही. मला तर नवं प्रकरण लिहायला मिळालं.

माझ्यात आणि गुळव्यांमध्ये फरक पडतो तो इथे. तेही एका गोळीवर विश्वास ठेवून बाकी जग सोडतात. पण गोळी चुकली तर त्यांचा हात भाजतो, त्यांचं नाव जातं, पुढच्या हंगामात त्यांना कुणी बोलावत नाही. आणि चूक होताना ते तिथेच उभे असतात. वास आला की अंदाज बदलतात. त्यांनी जे सोडलं आहे ते त्यांच्याशी बोलू शकतं. मी सोडलेलं माझ्याशी बोललं होतं, ‘आवाज जड होऊलालाय’ असं स्पष्ट बोललं होतं. पण बाण बोलतो हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

*

बिलोलीहून येसगीचा मांजरेवरचा पूल ओलांडला की तेलंगणा लागतं आणि थोड्या अंतरावर बोधन. तिथली निजाम शुगर फॅक्टरी १९३७ ची. तेव्हा बिलोली आणि बोधन दोन्ही हैदराबाद संस्थानातच होते. आशियातल्या सगळ्यांत मोठ्या साखर कारखान्यांत एकेकाळी तिची गणना व्हायची.

साखर कारखान्यातही चिपाड जाळूनच रस आटवतात, पण रस आणि आग यांची गाठ कधी पडत नाही. आग बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करते आणि ती वाफ पुढे जाऊन रसाला तापवते. वाफ ज्या तापमानाला निवून पाणी होते, त्याच्यावर ती रसाला नेऊच शकत नाही. शेवटी साखरेचे दाणे धरताना तर निर्वात भांड्यात रस सत्तर अंशांच्या आसपासच उकळवतात. म्हणजे मर्यादा यंत्रातच बांधलेली आहे. कुणाचं क्षणभर दुर्लक्ष झालं म्हणून तिथे पाक इतक्या सहज करपत नाही.

गुऱ्हाळात नऊशे अंश सरळ पत्र्याखाली असतात. मध्ये कुठलीही बांधलेली मर्यादा नाही. तिथे मर्यादा म्हणजे खड्ड्यात बसलेला माणूस. हे समजल्यावर मला माझा बाण आणखी विचित्र वाटायला लागला. कारखान्याच्या मॉडेलमध्ये जाळ घालणाऱ्याला आकडा केला असता तर कदाचित चाललं असतं, कारण त्याच्या हुशारीचा बराच भाग आधीच लोखंडात उतरवलेला आहे. मी मात्र ज्या व्यवस्थेत माणूस हीच सुरक्षा आहे, तिथून माणूस काढला.

बोधनचा कारखाना २०१५ च्या डिसेंबरात बंद पडला. मर्यादा यंत्रात बांधली म्हणून माणसाची जागा पक्की होते असं नाही, हेही तो पूल ओलांडताना आठवतं.

*

मग सोडायचं तरी काय आणि कसं? माझ्यापुरतं मी एक ठरवलं आहे. ‘नगण्य’ असं लिहिलं की त्याच्यापुढे दोन रकाने आखायचे. पहिला : किती वेळापुरतं नगण्य? दुसरा : हे गृहीत चुकलं तर किंमत कोण भरणार? पहिल्याचं उत्तर गणितातून येतं. दुसऱ्याचं येत नाही, त्यासाठी उठून तिथे जावं लागतं. दुसऱ्या रकान्यात माझं नाव येत असेल तर मी बिनधास्त सोडतो. दुसऱ्या कुणाचं येत असेल तर त्याला आधी विचारतो, आणि तो नको म्हणाला तर ते म्हणणं माझ्या गणितातला एक आकडा म्हणून धरतो.

हे फक्त काहिलीपुरतं नाही. तुम्हीही रोज कुणाच्या ना कुणाच्या मॉडेलमध्ये बाण असता. दहा मिनिटांत डिलिव्हरी दाखवणाऱ्या ॲपमध्ये रस्त्यावरचा खड्डा आणि ऊन नगण्य असतं, दुचाकीवरच्या पोराला ते नसतं. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये उशिरा आलेली एसटी नगण्य असते. ज्यांनी ही मॉडेलं बांधली ते दुष्ट नसतात. ते माझ्यासारखे असतात : दूर कुठेतरी खोलीत बसलेले, सव्वादोन तास बरोबर असलेले.

*

मामांना मी फोन केला तो पुण्याला परतल्यावर आठ दिवसांनी. सगळं सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘मग तवाच का नाही बोल्लास?’’ मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसाची मजुरी त्यांनी काकांना दिली. पण लोकांसमोर बोललेले शब्द फोनवरून परत घेता येत नाहीत.

पुढच्या हंगामात गेलो तेव्हा काका खड्ड्यातच होते. मी काठावर बसलो आणि म्हणालो, ‘‘काका, तेव्हा चूक माझी होती. मी बोलायला पाहिजे होतं.’’

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. पुढे काही नाही. ‘जाऊ द्या’ असंही म्हणाले नाहीत, आणि ते म्हणावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नव्हता.

थोड्या वेळाने त्यांनीच हातातलं चिपाड खाली ठेवलं आणि मान वर केली. ‘‘ऐका आता.’’

मी ऐकलं. आधी काहीच कळलं नाही, नुसती खळखळ. मग हळूहळू ती खळखळ तुटक होत गेली. मोठे बुडबुडे सावकाश फुटायला लागले, चिखलात पाय काढल्यासारखा आवाज. मी मोबाईलवर वेळ पाहिली. गुळव्यांची हाक आली त्याला अजून नऊ मिनिटं होती.